तिथं आपलं कोण आहे?

माझे घर रत्नागिरीत, मांडवीच्या किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर. तरीही समुद्राकाठी एकटीने बसण्याचा योग माझ्या आयुष्यात पहिल्यांदा आला तो विसाव्या वर्षी, आणि तोही इंग्लंडात! हे लिहिताना मला हसू येते, आणि थोडा रागही.

२०२४ च्या उन्हाळी सुट्टीत मावशीने तिकीट पाठवले म्हणून मी लंडनला गेले. म्युझियमे, राजवाडा, ओळखीच्या मराठी घरांतली जेवणे हे सारे यथासांग पार पडल्यावर जूनमध्ये एका रात्री मी म्हटले, "दोन दिवस लाइम रीजिसला जाऊन येते. एकटी." घरात अशी शांतता पसरली, जणू मी ठरलेले लग्न मोडल्याची बातमी दिली! मावशी म्हणाली, "अगं, रविवारी सगळेच जाऊ की." काकांनी मात्र मुळावरच घाव घातला : "तिथं आपलं कोण आहे?"

माझे सारे म्हणणे या प्रश्नाविषयी आहे. मुलीने कुठे जायचे तर तिथे 'आपले' कुणी तरी हवे. ते नसेल तर निदान काम हवे. परीक्षा, मुलाखत, लग्न, मयत काहीही चालेल. पण नुसते जावेसे वाटले, हे कारण कुणी कारण म्हणून धरतच नाही. माझा भाऊ मोटारसायकलवरून एकटाच गणपतीपुळ्याला जाऊन आला, तेव्हा त्याला एवढेच विचारले गेले, की पेट्रोल किती लागले!

असो. वॉटर्लूहून ॲक्समिन्स्टरपर्यंत आगगाडी आणि पुढे बस. गाव डोंगरउतारावर वसलेले. खाली 'कॉब' नावाचा जुना दगडी धक्का, कोपरात वाकवलेल्या हातासारखा समुद्रात गेलेला. जेन ऑस्टेनच्या 'पर्सुएशन'मधली लुइझा याच धक्क्याच्या पायऱ्यांवरून उडी मारते आणि बेशुद्ध पडते. ती पडते तेव्हा भोवती सगळी मंडळी असतात, एकटी नसते, हे मी मावशीला फोनवर आवर्जून सांगितले.

पण मला त्या गावाला नेले ते मेरी ॲनिंगने. १७९९ साली सुतारकाम करणाऱ्या गरीब घरात जन्मलेली ही मुलगी तिथल्या ढासळत्या कड्यांखाली दगडात रुतलेले जुन्या जीवांचे अवशेष शोधी आणि विकून पोट भरी. भावाला १८११ साली एका प्राण्याची कवटी सापडली. पुढच्या वर्षी उरलेला सांगाडा मेरीने हुडकला, तेव्हा ती बारा वर्षांची होती. तो इक्थिओसॉर. १८२३ साली प्लेसिओसॉर. सोबतीला ट्रे नावाचा कुत्रा. तोही १८३३ साली दरड कोसळून गेला. लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेतले १९१९ साली, मेरी वारल्यानंतर बहात्तर वर्षांनी. तिचा पुतळा उभा राहिला २०२२ साली, आणि तोही एका शाळकरी मुलीने आईसह चालवलेल्या खटपटीतून. पुतळ्यातली मेरी हातोडी घेऊन भराभरा चालली आहे. तिला कुणी विचारले असेल का, तिथं तुझं कोण आहे?

दुसऱ्या दिवशी मी कड्याखालून चार्मथच्या बाजूला निघाले. भरतीत तिथे माणूस कडा आणि पाणी यांच्यामध्ये अडकतो, म्हणून ओहोटीची वेळ आधी विचारून घेतली, दर थोड्या वेळाने घड्याळ पाहिले आणि वेळेवर मागे फिरले. आपली कॉलेजची सहल आठवा : पन्नास मुली, चार बाई, दोन शिट्ट्या. (बाईंनी रागावू नये.) तिथे घड्याळ पाहण्याचे काम माझे कधीच नव्हते.

इंग्लंडात कुणी काही विचारत नाही, असा आपला समज असतो. तो खोटा आहे. खानावळीत "एकच का?" असे विचारून मला स्वयंपाकघराच्या दाराजवळचे टेबल मिळाले. खोलीचे भाडेही एक माणूस म्हणून निम्मे झाले नाही. आणि प्रांजळपणे सांगते, त्या रात्री मला रडू आले. नऊ वाजून गेले तरी उजेड जात नव्हता. समुद्र दक्षिणेला, त्यामुळे सूर्य पाण्यात न बुडता गावामागच्या डोंगराआड गेला. मांडवीला असे कधी होत नाही. कुणाला तरी हे सांगावेसे वाटले, आणि शेजारी कुणी नव्हते. तरीही मी उठले नाही. काळोख पडेपर्यंत बसले.

परत आल्यापासून दर गुरुवारी शेवटचा तास संपला की मी मांडवीला अर्धा तास बसते. तिसऱ्याच गुरुवारी शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारले, "हिचं काही बिनसलंय का?"

"नाही हो. समुद्र बघायला जाते."

"एकटीच?"

"हो. मी पण जाईन म्हणते एकदा," आई म्हणाली.

अजून ती गेलेली नाही. चपला मात्र दोनदा घालून झाल्या.