डबीत बंद केलेला हेर

‘निक फ्युरी, एजंट ऑफ शील्ड’ या कॉमिक्स मासिकाच्या पहिल्या अंकावर जून १९६८ ही तारीख आहे. तेव्हा तो अमेरिकेत बारा सेंटला मिळायचा. आज त्याची चांगली प्रत पारदर्शक प्लास्टिकच्या टणक डबीत बंद केलेली दिसते, आणि डबीच्या माथ्यावर दहापैकी किती गुण मिळाले ते छापलेले असते. ९.८ आणि ९.० यांच्या किमतीत मोठी तफावत असते. ही तफावत कोपऱ्यांच्या टोकदारपणाची, टाचणीवरच्या गंजाची, कण्यावरच्या बारीक सुरकुतीची. आतल्या चित्रांशी तिचा काही संबंध नाही. डबी फोडून अंक वाचला की ते गुण संपले.

संग्राहकांची बाजू आधी मांडतो. त्या काळचे कॉमिक्स हलक्या वर्तमानपत्री कागदावर छापले जात. त्या कागदातले आम्लच त्याला पिवळे आणि ठिसूळ करते. जपले नाही तर उरणार काय? आपल्याकडे बाबुराव अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड घरोघरी पोचले, वाचनालयांतून हातोहात फिरले, आणि पाने सुटली तसे रद्दीत गेले. आज एखादी मूळ प्रत मिळवायला वणवण करावी लागते. अमेरिकेत बाजाराने किंमत लावली म्हणून प्रती वाचल्या, हे मला मान्य आहे.

पण या अंकाचे मोल त्याच्या कोपऱ्यांत आहे, हे मला मुळीच मान्य नाही. दुर्मीळ म्हणावा असा हा अंक नव्हेच. असले अंक लाखोंनी छापले जात. दुर्मीळ आहे ती न हाताळलेली प्रत. म्हणजे ज्या प्रतीचे कोणी वाचन केले नाही, तिला सर्वांत जास्त मान. चित्रकाराने ज्यासाठी रात्री जागवल्या ते ज्या प्रतीच्या बाबतीत घडलेच नाही, ती प्रत श्रेष्ठ कशी?

हा चित्रकार म्हणजे जिम स्टेरान्को. जन्म १९३८, गाव पेनसिल्व्हेनियातले रेडिंग. कॉमिक्सकडे येण्याआधी त्याने जादूचे प्रयोग केले, बेड्या आणि कुलुपांतून सुटून दाखवण्याचे खेळ केले, वाद्यवृंदात वाजवले, जाहिरात संस्थेत काम केले. प्रेक्षकाची नजर कोणत्या क्षणी कुठे असते, हे जादूगाराला कळावेच लागते. स्टेरान्कोच्या पानाचे मर्म मला तिथे सापडते. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी १९६५ मध्ये ‘स्ट्रेंज टेल्स’ या मासिकात फ्युरीला ‘शील्ड’ या संघटनेचा हेर बनवले. बाँडपटांचा तो काळ. स्टेरान्को १९६६ च्या अखेरीस कर्बीच्या आराखड्यांवर काम करू लागला आणि काही महिन्यांतच कथा, रेखाटन, रंग सगळे स्वतः पाहू लागला.

त्या पहिल्या अंकाची सुरुवातीची तीन पाने पाहा. रात्र आहे, एक माणूस तटबंदी ओलांडून आत शिरतो आहे. एकही शब्द नाही. संवादाचे फुगे नाहीत, निवेदनाची पट्टी नाही. चौकटी अरुंद होतात, रुंद होतात, आणि वाचक आपोआप श्वास धरतो. शब्दच नाहीत तर या पानांच्या लेखनाचे पैसे कशाला द्यायचे, असा सवाल तेव्हा झाला होता, अशी आठवण स्टेरान्कोने स्वतः सांगितली आहे. कथा शब्दांत असते आणि चित्र ही तिची सजावट, हा समज किती खोल रुजला होता, ते यावरून कळते. त्याने तो तीन पानांत मोडून काढला.

दुसरा आक्षेप समीक्षकांचा. स्टेरान्को उसनवारी करतो, म्हणतात. सातव्या अंकाच्या मुखपृष्ठावर दाली आहे, चौथ्यावर दृष्टिभ्रम घडवणारी ऑप आर्ट आहे, प्रकाशछायेचा खेळ विल आइसनरच्या ‘स्पिरिट’ या कॉमिकचा आहे, आणि छायाचित्रांची चिकटचित्रे कर्बीने आधीच केली होती. हे सगळे खरे आहे. त्याने ते लपवलेही नाही. पण दालीचे चित्र भिंतीवर स्थिर टांगलेले असते. स्टेरान्कोने ती दृष्टी दर महिन्याला शाळकरी पोराच्या हातात येणाऱ्या, पान उलटत वाचायच्या वस्तूत आणली आणि तिला काळाची गती दिली. उसने घेतलेले त्याने व्याजासकट फेडले.

त्याचे दोष झाकावेत असे मला वाटत नाही. महिन्याची मुदत त्याला पेलली नाही. चौथ्या अंकाची आतली चित्रे फ्रँक स्प्रिंगरने काढली, पाचव्यानंतर मुखपृष्ठे सोडली तर हा हेर त्याच्या हातून सुटला. कथानके बेताची आहेत. ‘यलो क्लॉ’ हा खलनायक तर आशियाई माणसाबद्दलच्या जुन्या विखारी कल्पनेतून आलेला. आपल्यासारख्या वाचकाला तो आज खुपतोच, आणि खुपावा.

मात्र चित्रात किती ताकद होती, ते त्याच्या विरोधकांनीच दाखवून दिले. कॉमिक्सबद्दलच्या १९५४ च्या सिनेट सुनावण्यांनंतर अमेरिकन प्रकाशकांनी कॉमिक्स कोड ही आचारसंहिता स्वतःवर लादून घेतली होती. दुसऱ्या अंकात फ्युरी आणि त्याची प्रेयसी व्हॅलेंटिना यांच्या आलिंगनाची शेवटची चौकट त्यापायी गेली, आणि तिथे म्यानातल्या पिस्तुलाचे चित्र आले. निःशब्द चौकट काय बोलते, हे कात्री चालवणाऱ्यांना नेमके कळले होते.

डबीचे समर्थक शेवटी म्हणतात, वाचायचे तर पुनर्मुद्रण वाचा. जरूर वाचा, काहीच न वाचण्यापेक्षा ते बरे. पण हे रंग त्या खरबरीत कागदासाठी योजलेले होते. गुळगुळीत कागदावर तेच रंग भडक होतात.

आणि ‘स्ट्रेंज टेल्स’च्या १६७ व्या अंकाचे काय करणार? त्यात स्टेरान्कोने लढाईचे एकच चित्र सलग चार पानांवर पसरले आहे. एका प्रतीत ते पुरे दिसतच नाही. दोन पाने पाहिली की उरलेली दोन उलटलेल्या पानामागे जातात. संपूर्ण चित्र पाहायचे तर दोन प्रती घ्यायच्या, दोन्ही उघडायच्या, शेजारी शेजारी मांडायच्या. बंद डबीत दहापैकी दहा गुणांची प्रत असली तरी हे चित्र तिच्यात नाही.

तुमच्यापाशी किंवा अमेरिकेतल्या तुमच्या कुणा नातलगाच्या कपाटात या अंकाच्या प्रती असतील तर हात स्वच्छ धुवा, आणि त्या टेबलावर उघडून ठेवा. १९६८ मध्ये हे चित्र पुरे पाहायला चोवीस सेंट लागत.