कार्ड खिशात, पण डॉक्टर कुठंय?

आज बोंडअळीचं नाही, आपल्या स्वतःच्या तब्येतीचं लिहितोय. थोडं कडू लागेल, पण वाचा.

गावोगाव आरोग्य कार्डांची शिबिरं लागली. अंगठा द्या, फोटो द्या, कार्ड घ्या. लोक म्हणतात, आता काय टेन्शन नाही, पाच लाखांचा इलाज फुकट! कार्ड जरूर काढा. पण कार्ड म्हणजे दवाखाना नव्हे, हे शिबिरात कोणी सांगत नाही.

आधी योजना समजून घ्या. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांतल्या शुभ्र रेशनकार्डवाल्या शेतकऱ्यांनाही सातबाऱ्यावर आत घेतलं. पुढे केंद्राची आयुष्मान भारत तिला जोडली, आणि जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण जाहीर झालं. हृदयाचं ऑपरेशन, डायलिसिस, कॅन्सर यात या योजनेनं कित्येक घरांची जमीन विकायची वाचवली. ते नाकारणारा मी नाही.

पण ही योजना लागते कधी? माणूस अॅडमिट झाल्यावर, आजार यादीत असल्यावर, आणि दवाखाना योजनेत असल्यावर. बीपी-शुगरच्या दर महिन्याच्या गोळ्या, तापाची तपासणी, गुडघ्याचं दुखणं, यातलं काही त्यात बसत नाही. आपला पैसा थेंबाथेंबानं जातो तो इथंच. सोबतच्या माणसाचं जेवणखाण आणि बुडालेली मजुरी तर कुठल्याच हिशेबात नाही.

शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. पीक विमा काढला म्हणून कोणी फवारणी सोडतो का? विमा नुकसान झाल्यावरचा. पीक वाचवायचं तर वेळेवर रानात जावं लागतं. तब्येतीचंही तेच. बीपीची गोळी वेळेवर मिळाली तर लकव्याच्या पेशंटसाठी कार्ड शोधायची पाळीच कमी येईल. गोळी द्यायला केंद्रात कोणी नाही, अन् लकवा झाल्यावर पाच लाख तयार. हा कुठला हिशेब?

रात्री लाइट आली, पाणी द्यायला गेलं, अन् घोणस चावली. तिथून जिल्ह्याचा दवाखाना दीड तास. विष कार्ड बघून थांबत नाही. त्या माणसाला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सापाची लस पाहिजे, आणि ती टोचणारा डॉक्टर जागेवर पाहिजे.

होतं का असं? झालंय की! महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर काम सुरू केलं. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून त्यांनी विंचवाने होणारे मृत्यू कितीतरी खाली आणले. स्वस्त गोळी, अन् गावात राहणारा डॉक्टर. कुठलं कार्ड लागलं नव्हतं.

उलट बाजू यवतमाळची. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. अशा वेळी पहिला तास महत्त्वाचा. अंगावरचे कपडे काढून साबणानं धुणं, आणि ज्या विषाला अॅट्रोपिन लागतं तिथं ते लगेच मिळणं. कृषी सहायक आणि शास्त्रज्ञ मंडळी इथं वाचतात म्हणून त्यांनाही सांगतो: औषधाचं प्रमाण सांगता, तसा त्याचा उतारा अन् तो जवळ कुठल्या केंद्रात मिळेल तेही सांगा.

नियमानं सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५ हजाराला उपकेंद्र. आदिवासी भागात २० हजार आणि ३ हजार. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही माफ. पण कित्येक ठिकाणी इमारत आहे, पाटी आहे, अन् खुर्ची रिकामी. रिकाम्या खुर्चीकडून फुकट काय घ्यायचं?

सरकारला बदलता येत नाही असं नाही. शेतकरी अपघाताचे दोन लाख आधी विमा कंपनीकडून मिळायचे, अन् दावे अडकायचे. २०२३ मध्ये कंपनी बाजूला केली आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून सरकार थेट पैसे देऊ लागलं. म्हणजे मनात आणलं तर मधला खांब काढता येतो. मग केंद्रातली रिकामी जागा का भरता येत नाही?

येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. डॉक्टर रात्री मुक्कामी असतो का? सापाची लस अन् अॅट्रोपिन आज किती शिल्लक आहे? बीपी-शुगरची गोळी पूर्ण महिन्याची मिळते का? उत्तर तोंडी घेऊ नका, इतिवृत्तात लिहून घ्या. पुढारी कार्ड वाटायला आला की कार्ड घ्या, अन् हेच तीन प्रश्न त्यालाही विचारा.

तुमच्या केंद्राची परिस्थिती कमेंटमध्ये लिहा. चांगली असेल तर तीही लिहा, म्हणजे बाकीच्यांना कळेल की होऊ शकतं.