दुसरा भाग न बघताच दिलेला निकाल

"ज्याला पहिला भाग कळला, तो दुसऱ्या भागाच्या वाटेला जात नाही." चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या आमच्या गणपतीच्या मांडवात चित्रपटांवर बोलायला आलेल्या एका गृहस्थांनी हे वाक्य टाकलं आणि टाळ्या घेतल्या. विषय होता 'चंद्रमुखी'. म्हणजे रजनीकांत आणि ज्योतिकाचा २००५ चा तमिळ चित्रपट. मराठीतल्या त्याच नावाच्या चित्रपटाशी त्याचा काही संबंध नाही. 'चंद्रमुखी' अभिजात आहे, त्याचा दुसरा भाग बघणं हा त्याचा अपमान आहे, आणि हा नियम जगातल्या यच्चयावत भयपटांना लागू आहे, असा एकंदर सूर. तुम्ही दुसरा भाग पाहिलात का, असं मी विचारलं. "गरजच काय?" असं उत्तर आलं. न बघता निकाल देणाऱ्या माणसाला टाळ्या मिळतात, याचा मला मनापासून राग आला. म्हणून हे लिहितो आहे.

त्यांचं म्हणणं आधी मांडतो. पहिला भाग मूळ असतो, दुसरा नक्कल. दुसरा भाग पैशासाठी काढतात. भूत कोण ते एकदा कळलं की भीती संपते. दुसरा भाग पहिल्याची आठवण नासवतो. आणि पहिला भाग विज्ञानाचा होता, दुसरा अंधश्रद्धेचा आहे.

यातले तीन मुद्दे लगेच निकालात निघतात. पैशासाठी तर पहिला भागही काढला होता; शांती थेटरात 'चंद्रमुखी' ८०० हून जास्त दिवस चालला तो काही फुकट नव्हता. भूत कोण ते कळल्यावर भीती संपत असती तर वेताळ पंचविशी पहिल्या गोष्टीवरच आटोपली असती. आणि आठवण नासायची असती तर या सगळ्यांचं मूळ असलेला 'मणिचित्रताळू' इतके पुढचे भाग येऊन गेल्यावर, ऑगस्ट २०२४ मध्ये, पुन्हा थेटरात लागला नसता.

आता 'मूळ' या शब्दाकडे येतो, कारण सगळं भाषण त्याच खांबावर उभं होतं.

'चंद्रमुखी' मूळ आहे, हे त्यांना कुणी सांगितलं? ही कथा मल्याळम. १९९३ साली फाझिल यांनी 'मणिचित्रताळू' केला, कथा मधू मुट्टम यांची. मोहनलाल त्यात मनोविकारतज्ज्ञ आहे आणि शोभना गंगा. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००४ साली पी. वासू यांनी तो कन्नडमध्ये 'आप्तमित्र' म्हणून केला. पुढच्याच वर्षी त्याच वासूंनी तमिळमध्ये 'चंद्रमुखी' केला. त्याच सुमारास बंगालीत 'राजमोहल' आला. २००७ साली प्रियदर्शन यांनी हिंदीत 'भूल भुलैया' केला, आणि हे प्रियदर्शन 'मणिचित्रताळू'च्या वेळी फाझिल यांच्या मदतीला दुसऱ्या युनिटचं चित्रण करत होते. म्हणजे आमचे गृहस्थ ज्याला मूळ म्हणून ओवाळतात, तो खुद्द तिसऱ्या भाषेतला तिसरा अवतार आहे. तिसऱ्या अवताराला अभिजात म्हणायचं आणि पुढच्याला उसना म्हणून हाकलायचं, हा न्याय कुठला?

नुसती वंशावळ सांगून भागणार नाही. प्रत्येक खेपेला काय बदललं ते बघा. मल्याळम चित्रपटात बंद खोलीतली नर्तकी नागवल्ली ही तंजावरची. शंकरन तंपी नावाच्या जमीनदाराने तिला केरळात आणून ठेवलं, तिचं प्रेम समोरच्या घरातल्या नर्तकावर जडलं, आणि दुर्गाष्टमीच्या रात्री तंपीने तिला मारलं. तंजावर म्हटलं की मराठी वाचकाला भोसल्यांची गादी आणि सरफोजीराजांचं ग्रंथालय आठवतं; केरळातल्या त्या वाड्याला मात्र तंजावर म्हणजे परका मुलूख. गंगाच्या अंगात नागवल्ली आली की तिच्या तोंडी तमिळ येते. तमिळ 'चंद्रमुखी'त तमिळ परकी कशी ठरणार? म्हणून तिथली नर्तकी आंध्रातली झाली आणि ज्योतिका तेलुगू बोलू लागली. कन्नडमध्येही तेलुगूच. हिंदीत मंजुलिका बंगाली. शेजारच्या मुलखातून आणलेली बाई, जिची भाषा वाड्यातल्या कुणाची नाही, ती घरच्या सुनेच्या तोंडून बोलू लागते. भीती एवढीच, आणि ती प्रत्येक भाषेने आपल्या सीमेवरून नव्याने उचलली. एकच भाग बघणाऱ्याला हे कधी दिसेल? त्याला वाटणार की ज्योतिका तेलुगू बोलते ती उगाच गंमत म्हणून.

पलंगाचा प्रसंग घ्या. गंगाला खरेदीला बाहेर जायचं आहे. नवरा नको म्हणतो, साधंच, रोजच्यासारखं. ती आधी समजुतीने विचारते, मग आवाज बदलतो, मग डोळे, आणि बोलता बोलता ती जड पलंगाचं एक टोक एका हाताने उचलते. नवरा भिंतीला टेकून बघत राहतो. शोभनाच्या प्रसंगात आवाज हळूहळू चढतो; ज्योतिकाने डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवली. पलंग तोच. दोन्ही बघितल्यावरच कळतं की भूत पलंगापाशी येतच नाही, ते "नको" या शब्दापाशी येतं. बायकोला साध्या खरेदीला जाऊ न देणाऱ्या नवऱ्याच्या त्या शब्दापाशी. पहिल्यांदा बघताना माझं सगळं लक्ष पलंगाकडे होतं. तिसऱ्या भाषेत बघितल्यावर ते नवऱ्याकडे गेलं.

आमच्या गल्लीला तरी हे अवघड जाऊ नये. खानापूर, आटपाडी, तासगावकडून आलेली आमची माणसं साहुकारपेठेत भट्टी लावून बसतात ती जुनं सोनं गाळायला. कुणाच्या आजीची मोडलेली बोरमाळ मुशीत जाते आणि दुसऱ्या कुणाच्या बांगड्यांचं सोनं होऊन निघते. आम्ही टंच बघतो. हा दागिना मूळचा कुणाचा, हे भट्टीवर कुणी विचारत नाही.

या 'मूळ'वाल्यांशी माझं भांडण जुनं आहे. रूपांतरित नाटक म्हणजे दुय्यम नाटक, हा वाद मी लहानपणापासून ऐकतो आहे. मराठी रंगभूमीची अर्धी उमेद रूपांतरांवर उभी राहिली, तरी तो मिटत नाही. आणि याच मंडळींकडून आम्ही दुसरं एक वाक्य ऐकत आलो: तुमची मराठी आता मूळची राहिली नाही. राहिली नाही, खरं आहे. इथे जन्मलेल्या पोरांच्या मराठीत तमिळ शिरली आहे, रस्त्यावर तेलुगू, गुजराती, मारवाडी कानावर पडते, आणि पोरं चौघांशी चार भाषांत बोलतात. पण मग आम्हीही कुणाचा तरी बिघडलेला दुसरा भाग, असंच ना? मुलूख सोडून आलेल्या माणसासमोर उभं राहून, जे पहिलं तेच खरं, असं सांगताना जरा विचार करावा. या पेठेचं तरी 'जॉर्ज टाउन' हे मूळ नाव कुठे आहे? गोऱ्यांच्या कागदात ती ब्लॅक टाउन होती. १९११ साली बादशहा पाचव्या जॉर्जच्या नावाने तिचं बारसं झालं.

याच पेठेत ब्रॉडवे टॉकीज होतं. १९४४ च्या दिवाळीत तिथे 'हरिदास' लागला आणि तीन दिवाळ्या बघून उतरला. तमिळमध्ये इतका मुक्काम दुसऱ्या कुठल्या चित्रपटाने केल्याचं बरीच दशकं माहीत नव्हतं. तो विक्रम पुढे 'चंद्रमुखी'नेच मोडला. त्या 'हरिदास'ची गोष्ट आईबापांच्या सेवेची, आपल्या पुंडलिकाच्या जातकुळीतली. ती तरी कुणी पहिल्यांदा सांगितली होती? आधी कीर्तनात, पोथीत, कुठे कुठे सांगून झालेलीच गोष्ट माणसांनी तीन दिवाळ्या बघितली.

विज्ञानाचा मुद्दा मात्र वजनाचा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. 'मणिचित्रताळू'त भूत नाही, आजार आहे. डॉक्टर तो ओळखतो, बरा करतो. दुसऱ्या भागांत भूत खरंखुरं येतं. 'चंद्रमुखी २' मध्ये येतं, 'भूल भुलैया २' मध्ये येतं. यावर गृहस्थ म्हणाले, समाज मागे गेला. मलाही त्याचं वाईट वाटतं. पण पहिला भाग इतका धुतल्या तांदळासारखा होता का? गंगा बरी होते ती दवाखान्यात नव्हे, मांत्रिकाने मांडलेल्या विधीत. डॉक्टर आणि मांत्रिक संगनमत करतात, नवऱ्याला फळीवर झोपवतात, ऐन वेळी फळी फिरते आणि नागवल्लीच्या तलवारीखाली बाहुला येतो. आणि तमिळ 'चंद्रमुखी'त तो भलामोठा नाग वाड्यातून फिरतो, त्याचा खुलासा शेवटपर्यंत होत नाही. विज्ञानाच्या चित्रपटात हा नाग काय करत होता? दार पहिल्या भागानेच किलकिलं ठेवलं होतं. दुसऱ्या भागाने ते ढकललं, एवढंच. प्रेक्षकाला काय पटलं नव्हतं, हे दुसऱ्या भागात उघडं पडतं, आणि ज्याला समाजाची खरी काळजी आहे त्याने तर ते आवर्जून बघितलं पाहिजे.

मग दुसऱ्या भागात बघण्यासारखं असतं तरी काय? पहिल्याने मिटवून टाकलेलं प्रकरण तो पुन्हा उघडतो. नागवल्लीचा सूड पहिल्या भागात एका बाहुल्यावर भागवला. सगळे सुखाने घरी गेले, पण तिला मारणाऱ्याचं काय? 'आप्तमित्र'चा पुढचा भाग 'आप्तरक्षक' २०१० साली आला, नायक विष्णुवर्धन यांच्या निधनानंतर दीडेक महिन्याने. त्यात वासू सांगतात की नर्तकीला मारणारा राजा मेलेलाच नाही, शंभरी उलटून जिवंत आहे. कथा अचाट आहे, कबूल. पण गुन्हेगार बाहुला नव्हता, हे म्हणायचं धाडस तिने केलं. 'भूल भुलैया २' मध्ये खोलीत कोंडलेली ती दुष्ट नव्हेच, अन्याय तिच्यावर झालेला, असं शेवटी निघतं. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाईन'मधला राक्षस मुका होता. त्याच दिग्दर्शकाने, जेम्स व्हेल यांनी, १९३५ साली 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन' केला तेव्हा त्याला बोलता येऊ लागलं. आपल्याकडे 'झपाटलेला'च्या दुसऱ्या भागात, २०१३ साली, लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते. पण रामदास पाध्ये यांचा तात्या विंचू परत आला आणि त्या वर्षीची पोरं त्याला पहिल्यांदाच भ्यायली.

चेन्नईतलं उदाहरण हवं असेल तर 'डिमॉन्टे कॉलनी' घ्या. आळवारपेठेजवळची ही वसाहत खरीच आहे, नाव तिथल्या जमिनीच्या मालकाचं, एका धनाढ्य पोर्तुगीज व्यापाऱ्याचं. अजय ज्ञानमुत्तू यांचा पहिला भाग २०१५ चा. चार पोरं त्या बंगल्यात जातात आणि गोष्ट अशी संपते की पुढे काही उरत नाही. २०२४ साली त्यांनीच दुसरा भाग केला, अरुळनिधीला दुहेरी भूमिका दिली, आणि पहिल्याचा तो शेवटच उचकटला. तो बघितल्यावर मी पहिला पुन्हा बघितला आणि तो मला वेगळा दिसला. पहिल्याचा अपमान झाला असता तर असं झालं नसतं.

'चंद्रमुखी २' वाईट आहे, हेही सांगतो. राजाच्या पूर्वकथेला तो भरमसाठ वेळ देतो, नर्तकीला आखडता हात. जुन्यातले वडिवेलू तेवढे सांभाळून घेतात. पण तो का फसला, हे मी शेवटपर्यंत बसून पाहिलं आहे. वासू या एकाच कथेकडे २००४ ते २०२३ मध्ये पाच वेळा वळले. कन्नड दोनदा, तमिळ दोनदा, एकदा तेलुगूत. त्यांना तिच्यात अजून काही उरलेलं दिसत होतं. बघणाऱ्याने ते मान्य करू नये, हा त्याचा हक्क. पण आधी बघावं.

तेव्हा वाचकहो, तिकीट काढा किंवा घरी बघा. आधी 'मणिचित्रताळू', मग 'चंद्रमुखी', मग 'आप्तरक्षक'. 'डिमॉन्टे कॉलनी'चे दोन्ही भाग एका रात्रीत. 'चंद्रमुखी २' शेवटी ठेवा, पण वगळू नका.