विमानाच्या पोटातला प्रवासी



आपल्याकडे जनावर म्हणजे घरातलंच माणूस. पोळ्याला बैलाला पुरणपोळी, सणाला गाईला पहिला घास आणि रोज रात्री कुत्र्याला त्याच्या हक्काची चतकोर भाकरी, ही आपली रीत. पण आता घरं पांगली. लेक बंगळूरला, मुलगा-सून दिल्लीला, कुणाचा भाचा थेट जर्मनीत. बदली झाली की सामान ट्रकनं जातं, माणसं विमानानं जातात आणि प्रश्न उरतो तो कुत्र्याचा. "त्यालाही विमानानं नेता येतं की," असं मुलगा सहज सांगतो. आजी मात्र विचारते, "अरे, त्याला ठेवतात कुठं? पेट्या-वळकट्यांत? तिथं श्वास तरी घेता येतो का?"

आजीचा प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर पाहू.

विमानात माणसं बसतात त्या मजल्याच्या खाली सामानाचे कप्पे असतात. लहानसं कुत्रं काही कंपन्या मालकाजवळ, पायापाशी पिशवीत ठेवू देतात. मोठं कुत्रं मात्र पिंजऱ्यात घालून खालच्या कप्प्यात जातं. विमान पस्तीस हजार फुटांवर उडतं तेव्हा बाहेर शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास थंडी असते आणि हवा इतकी विरळ, की कुठलाच प्राणी तिथं तगणार नाही. पण खालच्या कप्प्यातही हवेचा दाब वरच्या माणसांइतकाच राखलेला असतो. हा दाब फार तर आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावरच्या हवेइतका कमी होतो. आपलं कळसूबाईचं शिखर साधारण ५,४०० फुटांचं. म्हणजे त्याच्या दीडपट उंचीवर बसल्यासारखं. धडधाकट कुत्र्याला ते सोसतं.

मात्र सगळ्याच कप्प्यांत ऊब आणि खेळती हवा यांची सोय नसते. म्हणून जनावर कुठल्या कप्प्यात ठेवायचं ते ठरलेलं असतं आणि ते चढवल्याची लेखी सूचना वैमानिकाला मिळते, म्हणजे तो त्या कप्प्याचं तापमान सांभाळतो. एका विमानात किती जनावरं घ्यायची यालाही मर्यादा असते. तेव्हा आयत्या वेळी विमानतळावर कुत्रं घेऊन उभं राहिलं तर काम होत नाही. तिकीट काढतानाच कळवावं लागतं. शिवाय काही कंपन्या कुत्री नेतच नाहीत. आधी विचारावं, मगच पैसे भरावेत.

मग धोका कुठं आहे? मंडळी, आकाशापेक्षा तो जमिनीवर जास्त आहे. विमान सुटायला उशीर झाला, पिंजरा उन्हात गाडीवर ताटकळला, विमान तापल्या धावपट्टीवर उभं राहिलं, की घात होतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळपायाला थोडा येतो तेवढाच. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं आणि जिभेवरून, घशातून पाण्याची वाफ होऊन त्याचं अंग निवतं. पण कोंदट जागेत हवा दमट झाली की वाफ होणं थांबतं. कुत्रं आणखी जोरात धापतं आणि त्या धापण्यानंच आणखी तापतं.

३ नोव्हेंबर १९५७ रोजी रशियानं लायका नावाची कुत्री अवकाशात पाठवली, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. ती परत येणार नाही हे पाठवणाऱ्यांना ठाऊकच होतं. पण ती काही दिवस जगली असंच जग बरीच वर्षं समजत होतं. २००२ साली उघड झालं, की यानातल्या उष्णतेनं ती काही तासांतच गेली होती. बंद पेटीत कुत्र्याचा पहिला वैरी उष्णता, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

अमेरिकेच्या कायद्यात याचा नियमच आहे. तापमान २९.५ अंशांच्या वर असेल तर विमानापर्यंत नेता-आणताना जनावर पाऊण तासापेक्षा जास्त वेळ त्या उष्णतेत ठेवायचं नाही. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दहाच्या आतच पारा याच्या वर गेलेला असतो. म्हणून आपला नियम साधा ठेवा. उन्हाळ्यात कुत्रं विमानानं पाठवू नये. पाठवणं भागच असेल तर पहाटेचं किंवा रात्रीचं, मध्ये न बदलावं लागणारं विमान घ्यावं.

दुसरी गोष्ट जातीची. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा मार्गच अरुंद असतो. पग, बुलडॉग, बॉक्सर, पेकिनीज ही त्यातली. त्यांना एरवीही घोरल्याशिवाय श्वास घेता येत नाही. २००३ साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि तो घराघरांत आला. दिसायला गोजिरवाणा, पण विमानाच्या पोटात फार कच्चा. अमेरिकेत २००५ च्या मे महिन्यापासून विमानात दगावलेल्या पाळीव जनावरांची नोंद सरकारला द्यावी लागते. पहिल्या पाच वर्षांत १२२ कुत्री दगावल्याची नोंद झाली. त्यातली जवळजवळ निम्मी चपट्या तोंडाची होती. २५ एकट्या इंग्लिश बुलडॉग जातीची आणि ११ पग. त्यानंतर अनेक कंपन्यांनी अशी कुत्री सामानाच्या कप्प्यात घेणं बंद केलं. तुमच्या घरी पग असेल तर त्याला खालच्या कप्प्यात पाठवूच नका.

आपलं गावठी कुत्रं, कारवान किंवा मुधोळ यांची तोंडं लांब, त्यामुळे श्वासाची अडचण नाही. कारवानाच्या अंगावर मात्र चरबी कमी आणि केस आखूड, म्हणून त्याला खाली अंथरूण हवंच.

तिसरी गोष्ट पिंजऱ्याची. कुत्र्याला आत ताठ उभं राहता आलं पाहिजे, कान छताला न टेकता. बसता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. माप असं घ्यावं. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीच्या निम्मं. तेवढी पिंजऱ्याची लांबी. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. परदेशी जाताना चारही बाजूंनी हवा खेळायला जागा हवी आणि पाण्याचं भांडं बाहेरून भरता आलं पाहिजे.

पिंजरा आदल्या दिवशी आणून कुत्र्याला त्यात कोंबू नका. नवीन बैलाला आपण एका दिवसात गाडीला जुंपतो का? महिनाभर आधी पिंजरा ओसरीवर उघडा ठेवावा. भाकरी त्यातच द्यावी. मग थोडा वेळ दार लावावं, मग रात्रभर. आत घरातली जुनी वाकळ टाकावी, माणसांचा वास असलेली. अंधारात आणि इंजिनाच्या आवाजात तेवढाच त्याला आधार. निघण्याआधी चार-सहा तास हलकं खाणं द्यावं, पाणी मात्र शेवटपर्यंत पाजावं. गळ्यातली साखळी काढावी, ती जाळीत अडकून फास बसतो. साधा पट्टा असू द्यावा आणि त्यावर नाव व फोन नंबर.

आणि एक गोष्ट मुळीच करू नका. "घाबरेल बिचारं, गुंगीची गोळी देऊ," असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. जनावरांचे डॉक्टर याच्या विरुद्ध आहेत. गुंगीत रक्तदाब उतरतो, अंगाची उष्णता सांभाळणारी यंत्रणा ढिली पडते आणि विमान हललं तर कुत्र्याला पाय रोवून तोल सावरता येत नाही.

परदेशी न्यायचं तर तयारी फार आधी लागते. युरोपातल्या देशांसाठी कातडीखाली ओळखीची चिप, मग पिसाळीची लस, लशीनंतर तीस दिवसांनी रक्ताची तपासणी आणि रक्त काढल्यापासून पुढे तीन महिने थांबणं. म्हणजे चार महिने धरून चाला. ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट कुत्रं नेताच येत नाही. देशातल्या देशात मात्र रेल्वेचा मार्ग आहे. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात अख्खा कूपे आपल्या नावावर असेल तर कुत्रं सोबत नेता येतं, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत जातं. उन्हाळ्यात त्या पेटीलाही विमानाचाच नियम लावावा.

आता शेवटची आणि खरी गोष्ट. हा प्रवास कुणासाठी? लहानपणापासून मुलाच्या पायाशी झोपणारं, पट्ट्याला आणि पिंजऱ्याला सरावलेलं तरुण कुत्रं त्याच्याबरोबर जावं, यात त्याचंही भलं आहे. नीट काळजी घेतली तर अशी कुत्री सुखरूप पोचतात. पण दहा वर्षं शेताची राखण केलेलं, कधी खुंट्याला न बांधलेलं म्हातारं कुत्रं? ते पिंजऱ्यात दात आणि नखं मोडून घेईल. पोचलंच, तर चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बांधाचा वास शोधत फिरेल. त्याच्यासाठी प्रेम म्हणजे तिकीट नव्हे. त्याला त्याच्या बांधावर ठेवून, त्याची चतकोर चुकू न देणारं माणूस नेमणं, हेच प्रेम.

आणि ज्यांच्या घरी कधीच विमानाचं तिकीट येणार नाही, त्यांनाही या गोष्टीत घेण्यासारखं आहे. बाजाराला शेळ्या टेम्पोत भरताना, बैल ट्रकमध्ये चढवताना हेच नियम लावा. भर दुपारी नको. दाटीवाटी नको. निघण्याआधी पाणी, आणि गाडी उन्हात उभी करून चहाला बसणं नको. तोंड नसलेल्या प्रवाशाची सोय पाठवणाऱ्यानंच पाहायची असते, मग तो विमानाच्या पोटात असो की टेम्पोच्या हौद्यात.