पाठीराख्यांविना विद्यापीठाचा संघ

डब्लिन शहराच्या दक्षिणेस बेलफील्ड येथे युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन, म्हणजेच यूसीडी, या विद्यापीठाचे विस्तीर्ण आवार आहे. तीस हजारांहून अधिक विद्यार्थी तेथे शिकतात. विद्यापीठाचा फुटबॉल संघ १९७९ पासून आयर्लंडच्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत इतर नामांकित क्लबांच्या बरोबरीने खेळत आला आहे. आवारातील त्याच्या मैदानावर सुमारे तीन हजार प्रेक्षकांची सोय आहे. तथापि एरवीच्या सामन्याला जमणारा समुदाय काही शेकड्यांच्या पलीकडे क्वचितच जातो आणि त्यातही अनेकदा पाहुण्या संघाबरोबर आलेल्यांचाच भरणा अधिक असतो. २०२३ च्या हंगामाअखेर हा संघ वरच्या श्रेणीतून खाली घसरला. नेमक्या याच काळात आयरिश फुटबॉलला मात्र प्रेक्षकांचा पूर आला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बोहेमियन्स आणि शॅमरॉक रोव्हर्स या डब्लिनमधील दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचा साखळी सामना पाहण्यासाठी लॅन्सडाउन रोडवरील स्टेडियमात ३३ हजारांवर लोक लोटले. पुराचे पाणी गावभर पसरावे आणि एकच अंगण कोरडे राहावे, तसा हा प्रकार आहे.

संघ जिंकत नाही म्हणून लोक येत नाहीत, हे याचे सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत फसवे स्पष्टीकरण होय. याच संघाने १९८४ मध्ये शॅमरॉक रोव्हर्ससारख्या बलाढ्य क्लबला फेरसामन्यात २-१ असे हरवून आयर्लंडचा राष्ट्रीय चषक जिंकला होता. त्यानंतर युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेत त्याची गाठ इंग्लंडच्या एव्हर्टनशी पडली. डब्लिनमधील सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि लिव्हरपूलमधील सामना एव्हर्टनने अवघ्या एका गोलाने जिंकला. त्या मोसमात ती स्पर्धा एव्हर्टननेच जिंकली, हे लक्षात घेतले म्हणजे विद्यार्थ्यांच्या या झुंजीचे मोल कळते. पुढे २०१५ मध्ये खिलाडू वर्तनाच्या निकषावर युरोपा लीगमध्ये प्रवेश मिळाला, तेव्हा आपल्या देशातील दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या या संघाने लक्झेंबर्गच्या ड्युडेलांज क्लबला स्पर्धेबाहेर काढले. इतका पराक्रम एखाद्या लहान गावाच्या संघाने केला असता, तर त्यावर दोन पिढ्यांच्या निष्ठा पोसल्या गेल्या असत्या. यूसीडीच्या बाबतीत लोकांच्या स्मरणात काय राहिले? तर ब्राझीलचा कर्णधार सॉक्रेटिस वैद्यकीय शिक्षणासाठी डब्लिनला आला होता आणि या संघातून खेळला होता, अशी एक दंतकथा. ती साफ खोटी आहे. सॉक्रेटिसने वैद्यकाची पदवी साओ पाउलो विद्यापीठातून घेतली.

खरे कारण आधी कालगणनेत शोधावे लागते. आयर्लंडची साखळी स्पर्धा २००३ पासून उन्हाळ्यात खेळली जाते. ती फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संपते. विद्यापीठाचे वर्ष सप्टेंबरला उघडते आणि मेमध्ये मिटते. म्हणजे हंगाम ऐन रंगात येतो, त्या जून ते ऑगस्ट या महिन्यांत वसतिगृहे ओस असतात. त्यात सामने बहुधा शुक्रवारी संध्याकाळी. आयर्लंडमधील बाहेरगावचा विद्यार्थी शुक्रवारी दुपारी मळक्या कपड्यांची पिशवी घेऊन घरची बस पकडतो, हे तेथील प्रत्येक घरात ठाऊक आहे. घरी पोचल्यावर त्याची निष्ठा आपल्या परगण्याच्या गेलिक फुटबॉल किंवा हर्लिंग संघाला वाहिलेली असते. फुटबॉलचा शौक असलाच, तर तो स्लायगोचा, डेरीचा किंवा इंग्लंडमधील एखाद्या बड्या क्लबचा पाठीराखा म्हणूनच डब्लिनला आलेला असतो. तीन-चार वर्षांच्या मुक्कामात तो नवा संघ कशासाठी पत्करील? ज्याला विद्यापीठ आपला हक्काचा प्रेक्षकवर्ग समजते, तो वस्तुतः धर्मशाळेतील उतारू असतो. फुकट तिकिटे वाटून तो एखाद्या संध्याकाळी मैदानावर आणता येईल. पण पाठीराखा होण्यासाठी लागणारा दीर्घ सहवास त्याच्यापाशी नाही.

मग आवाराच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या लोकांचे काय? हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याकडे झालेले दुर्लक्षच यूसीडीला अधिक भोवले. बेलफील्डपासून फार दूर नसलेल्या मिलटाउन येथे शॅमरॉक रोव्हर्सचे जुने मैदान होते. १९८७ मध्ये ते मालकांनी विकले, पुढे तेथे घरे उठली आणि रोव्हर्स तब्बल बावीस वर्षे या मैदानावरून त्या मैदानावर भटकत राहिला. दक्षिण डब्लिनच्या त्या भागात वरच्या दर्जाच्या फुटबॉलची एक मोठी पोकळी अशा रीतीने आपसूक निर्माण झाली होती. यूसीडी तीत शिरू शकला नाही. उलट, घर हरवलेल्या रोव्हर्सचे पाठीराखे मात्र पांगले नाहीत. क्लब दिवाळखोरीच्या कड्यावर आला, तेव्हा २००५ मध्ये त्यांनीच तो ताब्यात घेतला आणि २००९ मध्ये टॅला या उपनगरात त्याला घर मिळवून दिले. एका क्लबाजवळ मैदान होते, पण माणसे नव्हती. दुसऱ्याजवळ माणसे होती, पण मैदान नव्हते. त्यांतला कोणता तगला आणि वाढला, हे आज दिसतेच आहे.

दक्षिण डब्लिनचा हा भाग सुखवस्तू, रग्बीवर लोभ असणाऱ्यांचा. तेथे फुटबॉल रुजणार नाही, असा बचाव केला जातो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. कारण याच भागात डॉनीब्रुकच्या मैदानावर माफक गर्दीपुढे खेळणाऱ्या लेन्स्टरच्या रग्बी संघाने शाळा, कुटुंबे आणि मुले यांना हाताशी धरून एका पिढीच्या आत आपला प्रेक्षकवर्ग कित्येक पटींनी वाढवला. त्याला यशाची आणि पैशाची जोड होती, हे खरे. तरीही या मातीत काही उगवतच नाही, असे म्हणण्याची सोय त्यामुळे उरत नाही.

विद्यापीठाच्या नावाने खेळणारा संघ लोकांचा होऊ शकतो, हे पाहायचे तर मेक्सिको शहरात जावे लागेल. तेथील राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचा, म्हणजे उनामचा, ‘पुमास’ हा संघ १९६२ मध्ये पहिल्या श्रेणीत आला आणि १९७६-७७ मध्ये प्रथमच देशाचा विजेता ठरला. दिएगो रिवेराच्या भित्तिशिल्पाने नटलेले, १९५२ मध्ये उघडलेले आणि १९६८ च्या ऑलिंपिकचे मुख्य केंद्र ठरलेले विद्यापीठाचे स्टेडियम हे त्याचे घर. सामना संपल्यावर खेळाडू आणि प्रेक्षक मूठ उंचावून विद्यापीठाचे क्रीडागीत एकत्र गातात. ह्युगो सांचेझसारखा पुढे जगभर गाजलेला खेळाडू या संघातून खेळता खेळता त्याच विद्यापीठात दंतवैद्यक शिकला. परंतु हे सारे बाह्य वैभव. मर्म निराळेच आहे. उनामची शिकवणी जवळजवळ मोफत आहे. शहरभर विखुरलेल्या तिच्या पूर्वपदवी शाळांत पंधरा-सोळा वर्षांची लक्षावधी मुले आजवर शिकून बाहेर पडली आहेत. शिवणकाम करणाऱ्या आईला आणि बस हाकणाऱ्या बापाला आपला मुलगा तेथे जाईल ही आशा बाळगता येते. त्यामुळे ज्याने विद्यापीठाचा उंबरठा कधी ओलांडला नाही, तोही पुमासला आपला म्हणतो. शिवाय घरच्या सामन्यांची परंपरेने ठरलेली वेळ रविवारी दुपारी बाराची, म्हणजे सबंध कुटुंबाला जाता येईल अशी. डब्लिनच्या शुक्रवार संध्याकाळीशी तिची तुलना करून पाहावी.

चिलीचा दाखला याहून बोलका आहे. उनिव्हर्सिदाद द चिले या संघाने १९५९ ते १९६९ या काळात सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. पुढे १९७३ च्या लष्करी उठावानंतर विद्यापीठावर लष्कराने नेमलेले कुलगुरू आले आणि १९८० च्या सुमारास फुटबॉल संघ विद्यापीठापासून तोडून वेगळ्या मंडळाकडे सोपवण्यात आला. विजेतेपदाचा पंचवीस वर्षांचा दुष्काळ पडला. १९८८ च्या हंगामात तर संघ दुसऱ्या श्रेणीत कोसळला. अशा वेळी पाठीराखे गळून पडायला हवेत. घडले ते उलटेच! ‘लोस द आबाहो’, म्हणजे ‘खालचे लोक’, या नावाने प्रसिद्ध असलेली पाठीराख्यांची संघटना याच पडत्या काळात उभी राहिली. २००६ मध्ये क्लबचे दिवाळे निघाले, २००७ पासून एक खासगी कंपनी तो चालवू लागली, आणि विद्यापीठाशी उरले आहे ते मुख्यतः नावाचे व घुबडाच्या चिन्हाचे नाते. संस्था बाजूला झाली, पण लोकांनी संघ सोडला नाही. अर्थात या गर्दीला काळी बाजूही आहे. चिलीतील प्रेक्षकांच्या हिंसाचाराने अनेक सामने नासले आहेत आणि मेक्सिकोत १९८५ च्या अंतिम सामन्याच्या वेळी विद्यापीठाच्याच स्टेडियमातील बोगद्यात चेंगराचेंगरी होऊन माणसे मृत्युमुखी पडली. रिकाम्या मैदानाला ही भीती नसते, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

एवढेच कसे, असे यूसीडीचे कैवारी विचारतील. आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. डॉ. टोनी ओनील यांनी रुजवलेल्या शिष्यवृत्तीच्या पद्धतीने शेकडो तरुणांना खेळाबरोबर पदवी दिली. इंग्लंडमधील क्लबांनी वापरून टाकून दिलेल्या आयरिश पोरांची संख्या पाहता हे कार्य लहान नव्हे. या शतकाच्या पहिल्या दशकात भरमसाट पगार देऊन अनेक आयरिश क्लब कर्जात बुडाले, तेव्हा यूसीडीने आपले अंथरूण पाहून पाय पसरले. जो क्लब शिकवतो, खेळाडू घडवतो आणि कर्ज काढत नाही, त्याने गर्दीसाठी तळमळावे कशाला?

तळमळावे ते एवढ्यासाठी की, असा क्लब दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचा संघ २००२ मध्ये एफ. ए. चषकाच्या पहिल्या मुख्य फेरीत पोचला, तेव्हा १८८१ नंतर प्रथमच एखाद्या विद्यापीठाच्या संघाने ती मजल मारली होती. परंतु त्याच शहरात पिढ्यान्‌पिढ्यांचे पाठीराखे असलेला बाथ सिटी हा क्लब होता आणि विद्यापीठाचा संघ त्याच्याच मैदानावर जवळजवळ रिकाम्या बाकांपुढे खेळत असे. २००९ मध्ये त्याच्या आर्थिक रचनेवर साखळीच्या चालकांनी बोट ठेवताच तो संघ विसर्जित झाला. फारसे कोणी हळहळले नाही. खुद्द डब्लिनच्या उत्तरेस स्पोर्टिंग फिंगल हा क्लब २००७ मध्ये निघाला. त्याने २००९ मध्ये राष्ट्रीय चषक जिंकला आणि २०११ च्या प्रारंभी, पैसा आटताच, गाशा गुंडाळला. त्यालाही प्रेक्षक जोडता आले नव्हते. उद्या बेलफील्डच्या एखाद्या अर्थसमितीने शिष्यवृत्त्यांचा खर्च अनाठायी ठरवला, तर तिच्या दाराशी निषेधाला किती माणसे उभी राहतील? रोव्हर्सच्या पाठीराख्यांनी २००५ मध्ये जे केले, ते यूसीडीसाठी करायला आज माणसेच नाहीत.

तेव्हा प्रेक्षकवर्ग उभा करायचा, तर तो विद्यार्थ्यांपासून आरंभ करून होणार नाही. विद्यापीठात तीस-तीस वर्षे नोकरी करणारे प्राध्यापक, कारकून आणि माळी, आसपासच्या शाळांतील दहा-बारा वर्षांची मुले, शिक्षण संपवून डब्लिनमध्येच स्थायिक झालेले माजी विद्यार्थी, हा स्थिर वर्ग आहे. त्याला सदस्यत्वाबरोबर क्लबच्या कारभारात मतही द्यावे लागेल. बोहेमियन्स हा क्लब सदस्यांच्याच मालकीचा आहे. काही सामने शनिवारी दुपारी ठेवून पाहण्यासही हरकत नसावी. अडचण नावाची आहे. यूसीडी वेव्हज या नावाने खेळणारा महिला संघ पुढे डीएलआर वेव्हज झाला. ही आद्याक्षरे डन लिअरी-रॅथडाउन या स्थानिक परिसराची आहेत. पुरुषांच्या संघाला तो मार्ग सहज घेता येणार नाही. विद्यापीठाचे नाव सोडावे, तर मैदान आणि शिष्यवृत्त्या कोणाच्या बळावर चालवायच्या. आणि ठेवावे, तर शेजारच्या घरातील मुलाला हा संघ तुझा आहे हे कोणत्या तोंडाने सांगायचे, याचा निर्णय बेलफील्डच्या धुरीणांना करावा लागणार आहे.