उचल वजा जाता

दिवाळीच्या आगेमागे उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूरकडच्या शाळांत ऊसतोड मजुरांची मुले येऊन बसतात. कारखान्याचा पट्टा पडला की गायब. या भागात हयात शिकवण्यात गेलेले एक गुरुजी म्हणतात, वजाबाकी मला अशाच एका पोराने शिकवली. टनाच्या दराने तोडणीचे पैसे, त्यातून मुकादमाची उचल वजा: बापाकडे किती फिरले, तो बोटांवर सांगायचा. फळ्यावरचे आंबे-पेरू मात्र चुकायचे! गुरुजींनी आंबे पुसले, उचल लिहिली.

१९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीरांचे ‘कमवा आणि शिका’ आपण भाषणांत सर्रास वापरतो. दहा वर्षांच्या पोराने फडात वाढे बांधणे म्हणजे ते नव्हे. गुरुजींची वही या अंकात आहे. हिशेब त्यांच्याच अक्षरात ठेवलेत, खाडाखोडीसकट.