‘हेतू’ की ‘शक्यता’? द्वेषाविरुद्धचा कायदा एका शब्दावर कसा फिरतो

डिसेंबर २०२५ मध्ये कर्नाटकच्या विधिमंडळाने द्वेषपूर्ण भाषणाविरुद्धचं स्वतंत्र विधेयक मंजूर केलं. शिक्षा सात वर्षांपर्यंत. मांडल्यापासून मंजुरीपर्यंत दोन आठवडेसुद्धा लागले नाहीत. ‘द्वेष पसरवणाऱ्याला शिक्षा हवी का?’ असं विचारलं तर आपल्यापैकी बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. प्रश्न पुढचा आहे: कुठली पोस्ट द्वेषाची आणि कुठली नुसती बोचरी, हे कायद्यात कोणत्या शब्दांत लिहायचं? आणि ते शब्द ठरवताना लोकांना विचारायचं की नाही?

न विचारता केलं तर काय होतं

२००८ मध्ये आयटी कायद्यात ६६अ हे कलम आलं. संसदेत त्यावर चर्चाच झाली नाही. इंटरनेटवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा त्रासदायक काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. ‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय, याची व्याख्या नव्हती.

परिणाम दिसला आपल्याच पालघरमध्ये. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्यावर प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट एका मुलीने टाकली, तिच्या मैत्रिणीने लाईक केली. दोघींनाही अटक झाली.

‘श्रेया सिंघल’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम रद्द केलं. कोर्टाने तीन पायऱ्या सांगितल्या: चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही न आवडल्या तरी चालतात, कायद्याने हात घालायचा तो तिसऱ्या पायरीवर. तरीही पोलीस हे मेलेलं कलम लावतच राहिले. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने याला ‘धक्कादायक’ म्हटलं. थोडक्यात, बग प्रॉडक्शनमध्ये गेला की पॅच टाकूनही तो सगळीकडून निघत नाही.

विचारून केलं तर

आता स्कॉटलंड बघा. तिथे एप्रिल २०२० मध्ये द्वेषमूलक गुन्ह्यांचं विधेयक आलं. मूळ मसुद्यात अट अशी होती: द्वेष भडकवण्याचा हेतू असेल ‘किंवा’ तो भडकण्याची शक्यता असेल, तरी गुन्हा. कोडिंग करणाऱ्यांना लगेच कळेल की सगळा घोळ त्या ‘ऑर’मध्ये आहे. हेतू नसलेला नाटककार, विनोदवीर, धर्मोपदेशक, कोणीही त्यात अडकू शकतो.

संसदेच्या समितीने लोकांची मतं मागवली आणि सुमारे दोन हजार उत्तरं आली. वकील, पोलिसांची संघटना, कॅथलिक चर्च आणि धर्मनिरपेक्षतावादी संस्था, एरवी एका बाजूला न दिसणारी ही मंडळी एकाच शब्दावर बोट ठेवत होती. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायमंत्री हमझा युसुफ यांनी माघार घेतली. वंशाबाबतचा जुना नियम तसाच राहिला, पण धर्म, वय, अपंगत्व, लैंगिक कल अशा नव्या गटांसाठी ‘हेतू’ सिद्ध करणं सक्तीचं झालं. मार्च २०२१ मध्ये विधेयक ८२ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झालं.

१ एप्रिल २०२४ ला कायदा लागू झाला आणि पहिल्याच आठवड्यात सात हजारांहून जास्त ऑनलाइन तक्रारी आल्या. त्यातल्या २४० मध्येच द्वेषमूलक गुन्हा नोंदवला गेला. हॅरी पॉटरच्या लेखिका जे. के. रोलिंग यांच्या पोस्टवरही तक्रारी झाल्या, पण गुन्हा होत नाही असं पोलिसांनी सांगितलं. मसुद्यातला ‘किंवा’ तसाच राहिला असता तर ही चाळणी इतकी सोपी नसती.

विचारलं, पण...

आपल्याकडे विचारतच नाहीत असंही नाही. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. अशा घटनांनंतर केंद्राने डिसेंबरमध्ये सोशल मीडियाच्या नियमांचा मसुदा काढून सूचना मागवल्या. १७१ प्रतिक्रिया आल्या, त्या वेबसाइटवर टाकल्या, त्यांच्यावर ८० उत्तरंही आली. इथपर्यंत उत्तम.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अंतिम नियम आले, तर त्यात न्यूज वेबसाइट आणि ओटीटीसाठी एक आख्खा भाग होता, जो मसुद्यात नव्हताच! म्हणजे ज्यांच्यावर बंधन आलं त्यांना विचारलंच नव्हतं. त्याच भागातल्या दोन उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली.

केंद्राचं २०१४ चं धोरण सांगतं की मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवा आणि आलेल्या मतांचा सारांश प्रसिद्ध करा. पण ते धोरण आहे, कायदा नाही. टाळलं तर विचारणारं कोणी नाही.

पुढचा मसुदा आला की

तो येणारच, कारण गरज खरी आहे. राईनपाड्यातल्या पाच जणांना अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरचं व्याख्यान उपयोगी पडलं नसतं. म्हणून ‘कायदाच नको’ एवढं लिहून पाठवू नका. ‘हरकती व सूचना’ मागवल्या की हे तपासा:

• गुन्हा ‘हेतू’वर ठरतो की ‘शक्यते’वर?
• ‘आक्षेपार्ह’, ‘भावना दुखावणारं’ अशा शब्दांची व्याख्या आहे का?
• पोस्ट काढायला कोण सांगणार आणि त्याविरुद्ध दाद कुठे मागायची?
• बातमी, विनोद, संशोधन यांना सूट आहे का?

मग एक टेस्ट केस लिहा: ‘या कलमाखाली पालघरची ती पोस्ट गुन्हा ठरेल का?’ उत्तर ‘हो’ येत असेल, तर कोणता शब्द बदलायचा तेही लिहा. ईमेल चार ओळींचा असला तरी चालेल. अंतिम मसुदा आला की तो शब्द बदलला का, हे पुन्हा उघडून बघा.